तीन, चार की सात? थंड पाण्यासाठी वेटसूटची जाडी कशी ठरवावी

जुलैच्या एखाद्या तापल्या दुपारी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत पारा ३५ अंश सेल्सिअसला टेकलेला असतो. हायवे १७ चा वळणावळणाचा घाट ओलांडून गाडी समुद्रकाठच्या सांताक्रूझला उतरते तेव्हा हवा बरीच निवलेली असते, आणि समुद्राचे पाणी तर अवघे १३-१४ अंशांचे असते. पुण्याहून सुट्टीला आलेला माझा भाचा, ज्याने लहानपणापासून मालवणच्या पाण्यात तासन्‌तास डुंबण्यात सुट्ट्या घालवल्या आहेत, पोहण्याच्या चड्डीवर धावत पाण्यात शिरला आणि कमरेइतके पाणी झाले न झाले तोच तितक्याच वेगाने परत फिरला. “मामा, ही बाकीची माणसं तासभर आत कशी बसलीत?” हा त्याचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्या माणसांच्या अंगावरच्या काळ्या रबरी पोशाखात होते. दुसरा प्रश्न त्याने भाड्याने सूट देणाऱ्या दुकानात विचारला. तेथे ओळीने टांगलेल्या वेटसूटांवर ३/२, ४/३, ५/४ असे आकडे छापलेले होते, आणि यांतला आपला कोणता हे त्याला कळेना. त्या दिवशी दुकानदारासमोर मी त्याला घाईघाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नीट सविस्तर उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते आता देतो.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराच्या फोमचा असतो आणि आकडे त्या फोमची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. ४/३ म्हणजे छाती, पोट आणि पाठ येथे ४ मिमी आणि हातापायांना ३ मिमी. तीन आकडे असतील, उदाहरणार्थ ५/४/३, तर सहसा धड, पाय आणि हात असा क्रम असतो. धडाला जाड आणि हाताला पातळ असे करण्याचे कारण असे, की हृदय, फुप्फुसे आणि यकृत धडात आहेत आणि त्यांचे तापमान टिकवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. उलट खांदे आणि दंड जाड रबरात गुंडाळले, तर सर्फिंगच्या, म्हणजे लाटांवर स्वार होण्याच्या, फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारताना प्रत्येक हाताला रबर ताणावे लागते आणि वीस मिनिटांत खांदे भरून येतात. म्हणजे जाडीचा आकडा हा मुळातच ऊब आणि हालचाल यांच्यातली तडजोड असतो. जितका जाड तितका चांगला, असा हिशेब येथे चालत नाही.

आता मुळाशी जाऊ. १४ अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून मजेत फिरतो, मग १४ अंशांचे पाणी इतके का झोंबते? पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णता वाहून नेते, हे त्याचे मुख्य कारण. त्वचेला चिकटलेली हवा थोडी तापली की ती पांघरुणासारखी काम करते. पाणी तसे करत नाही, ते उष्णता घेते, पुढे सरकते आणि त्याच्या जागी नवे थंड पाणी येते. नुसते स्वस्थ पडून राहणाऱ्या उघड्या माणसाला पाणी ना गार ना गरम वाटावे, तर ते ३३ ते ३५ अंशांचे असावे लागते. म्हणून कोकणातले २८ अंशांचे पाणीसुद्धा दोन-अडीच तासांनी अंगावर काटा आणते. ते आपल्याला कोमट वाटते, पण शरीराच्या जमाखर्चात ते तोट्याचेच असते.

या तोट्यावरचा उपाय योगायोगाने याच भागात सापडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अलामॉस येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केले होते. १९५१ च्या सुमारास ते अमेरिकी नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांसाठी पोशाखाचा विचार करू लागले. तोवरची सगळी धडपड माणसाला कोरडे ठेवण्याची होती आणि त्या पोशाखांना जरा भोक पडले की सगळे मुसळ केरात. ब्रॅडनर यांनी प्रश्नच उलटा मांडला: अंग कोरडे ठेवायची गरज काय? ऊब ठेवणारी वस्तू जर पोशाखाच्या जाडीत कायमची कोंडलेली असेल, तर अंग ओले झाले तरी बिघडत नाही. अशा पोशाखासाठी निओप्रीनचा फोम वापरावा, ही सूचना सागर-अभियंता विलर्ड बॅस्कम यांची. या फोममध्ये वायूचे लक्षावधी सुटेसुटे बुडबुडे असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो, त्यामुळे पाणी त्यांत शिरत नाही. १९५२ मध्ये जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सर्फिंगचे दुकान काढले आणि पुढे हा पोशाख सर्फिंग करणाऱ्यांच्या अंगावर नेऊन पोहोचवला. दक्षिणेकडे रिडोंडो बीचला मायस्ट्रेल बंधूंनी तेच केले. पहिला वेटसूट कोणाचा यावर पुष्कळ वर्षे वाद झाले, पण मूळ कल्पनेचे श्रेय आता सहसा ब्रॅडनर यांना दिले जाते. त्यांच्या नावावर पेटंट मात्र झाले नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की वेटसूटबद्दलचा सर्वांत रुळलेला गैरसमज त्याने दूर होतो. “सूटच्या आत पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेने तापतो आणि आपल्याला गरम ठेवतो,” असे शिकवणारे शिक्षकही सांगतात. यात अर्धेच सत्य आहे. पाण्याचा थर अडकतो आणि तापतो हे खरे. पण गरम ठेवण्याचे काम पाणी करत नाही, बुडबुड्यांतला वायू करतो. पाणी तापवण्याचा खर्च तर शरीरालाच सोसावा लागतो. तो किती, हे शाळेतल्या गणितानेही काढता येते. एक लिटर पाणी १२ अंशांवरून ३० अंशांवर न्यायला १८ किलोकॅलरी उष्णता लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॉट, म्हणजे तासाला सुमारे ८६ किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. याचा अर्थ, लाटेखाली गेल्यावर मानेतून एक लिटर नवे पाणी आत घुसले आणि जुने तापलेले पाणी बाहेर गेले, तर शरीराची साडेबारा मिनिटांची कमाई एका लाटेत वाहून जाते. अशा पाच-सहा लाटा आल्या, तर सूट ५ मिमीचा आहे की ३ मिमीचा, याला फारसा अर्थ उरत नाही.

हा धडा मी स्वतः पैसे मोजून घेतला आहे. या देशात नवा असताना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पॅसिफिका गावाच्या लिंडा मार किनाऱ्यावर मी प्रथम सर्फिंग शिकायला गेलो, तेव्हा थंडीच्या धास्तीने दुकानातला सर्वांत जाड, ५/४ सूट मागून घेतला. माझ्या मापाचा शिल्लक नव्हता; दुकानातल्या मुलाने एक माप मोठा दिला आणि मीही सैल कपड्यात बरे वाटेल म्हणून घेतला. पाठीच्या कण्यापाशी, कमरेच्या वर जो खळगा असतो, तेथे सूट अंगाला टेकतच नव्हता. पहिल्याच लाटेला मानेतून शिरलेले पाणी त्या खळग्यात जाऊन बसले, उठताना घळाघळा खाली पायांत उतरले, आणि पुढच्या लाटेला पुन्हा तेच. पाऊण तासात माझी दातखिळी बसायची वेळ आली. माझ्याबरोबर शिकणारी एक सडपातळ मुलगी अंगाला घट्ट बसलेल्या जुन्या ४/३ सूटमध्ये आणखी तासभर हसतखेळत पाण्यात होती.

म्हणून जाडी ठरवण्याआधी माप. सूट कोरडा असताना चढवायला दहा मिनिटे लागत असतील, घाम फुटत असेल, तर बहुधा माप बरोबर आहे. पायाला प्लास्टिकची पिशवी घालून मग पाय सूटमध्ये सरकवला तर काम सोपे होते. जुन्या काळी आतून अस्तर नसलेल्या रबरात शिरायला लोक टाल्कम पावडर लावत. घातल्यावर तीन जागा पाहाव्यात: काखेत रबराची मोकळी घडी राहते का, कमरेच्या खळग्यात चिमटीत धरता येईल इतके रबर सुटते का, आणि मानेभोवती बोट सहज फिरते का. दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यावेत. तेव्हा जांघेत ओढ बसली तर सूट आखूड आहे. छातीभर श्वास घेता आला पाहिजे, पण घट्ट बांधल्याची जाणीवही असली पाहिजे. कोरड्यात सुखाचा वाटणारा सूट ओल्यात सैल पडतो, कारण ओले निओप्रीन थोडे सैलावते.

मापाच्या जोडीला शिवण. स्वस्त सूटांवर दोन तुकडे एकमेकांवर ठेवून आरपार टाके घातलेले असतात. ते मजबूत असतात, अंगाला टोचत नाहीत, पण प्रत्येक टाक्याचे भोक म्हणजे पाण्याची एक वाट. थंड पाण्याच्या सूटमध्ये तुकड्यांच्या कडा आधी डिंकाने चिकटवतात आणि मग वाकड्या सुईने टाका रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच नेतात, त्यामुळे भोक आरपार जात नाही. त्यावर आतून पट्टी किंवा द्रव रबराची रेघ ओढतात. पाणी १८ अंशांच्या वर असेल तर आरपार टाके चालतात. त्याखाली चिकटवलेली शिवण घ्यावी, कारण आरपार शिवलेला ४/३ हा चिकटवलेल्या ३/२ पेक्षा थंड लागू शकतो. झिप छातीवर असेल तर पाठीवरच्या लांब झिपेपेक्षा कमी पाणी आत येते. मात्र असा सूट काढताना खांद्यातून बाहेर येणे ही एक कसरत असते, आणि पन्नाशीनंतर पाठीवरची झिप निवडणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

हे सगळे जमल्यावर मग मिलिमीटरकडे वळावे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फोममधून बाहेर जाणारी उष्णता जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. ३ मिमीमधून १०० भाग उष्णता जात असेल, तर ५ मिमीमधून ६० भाग जाते आणि ७ मिमीमधून ४३ भाग. पहिल्या दोन मिलिमीटरांनी ४० भाग वाचवले, पुढच्या दोघांनी फक्त १७. वजन आणि हालचालीतला अडथळा मात्र प्रत्येक मिलिमीटरागणिक वाढतच जातो. गोधडीवर गोधडी घालत गेल्यासारखे हे आहे: तिसऱ्या गोधडीने ऊब थोडी वाढते, पण कूस बदलता येत नाही.

लाटांवर खेळणाऱ्यांनी पुढील अंदाज धरून चालावे. पाणी २४ अंशांच्या वर असेल तर सूट लागत नाही. उन्हापासून आणि फळीच्या घर्षणापासून जपण्यापुरता पातळ अंगरखा पुरतो. २० ते २४ अंशांत आखूड बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा २ मिमीचा सूट. १७ ते २० मध्ये पूर्ण अंगाचा ३/२, म्हणजे उन्हाळ्यातले सॅन डिएगो. १३ ते १७ मध्ये ४/३, हा सांताक्रूझचा जवळजवळ बारमाही सूट. १४ च्या खाली त्याला पायमोज्यासारखे निओप्रीनचे बूट जोडावेत. ९ ते १३ मध्ये ५/४, बूट आणि टोपी, हवे तर हातमोजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर वसंतात हीच गरज असते. ९ च्या खाली ६/५, आणि हात, पाय, डोके सगळे झाकलेले. येथील फलक फॅरेनहाइटमध्ये असतात, तेव्हा तीन आकडे पाठ असावेत: ५० म्हणजे १०, ५५ म्हणजे जेमतेम १३ आणि ६० म्हणजे साडेपंधरा.

हे आकडे मधल्या माणसासाठी आहेत. कृश माणसाने, आणि ज्याला लवकर हुडहुडी भरते त्याने, एक पायरी वर जावे. लहान मुलांच्या शरीराच्या वस्तुमानाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे असते, ती भराभर थंड होतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत. त्यांना आपल्यापेक्षा जाड सूट द्यावा आणि ओठांकडे लक्ष ठेवावे. दुसरे म्हणजे वारा. सर्फिंग करणारा अर्धा वेळ फळीवर बसून लाटेची वाट पाहत असतो, म्हणजे ओल्या अंगाने वाऱ्यात. सूटच्या बाहेरचे कापडी अस्तर पाणी धरून ठेवते आणि वारा ते सुकवताना उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. म्हणून छातीवर आणि पाठीवर गुळगुळीत, अस्तराविना रबर असलेला सूट वाऱ्याच्या दिवशी एखाद्या जास्तीच्या मिलिमीटराइतके काम करतो. त्याला नखाने ओरखडा मात्र सहज पडतो.

पाण्याखाली जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो वेगळा का, हे समजून घेणे फार रंजक आहे. सर्फिंगचा सूट पृष्ठभागावर राहतो. पाणबुड्याचा सूट खोल जातो आणि दाबला जातो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुड्यांतला वायू निम्म्या जागेत मावतो. तीस मीटरवर दाब चौपट आणि वायू पाव जागेत. रबर स्वतः दबत नाही, म्हणून एकूण जाडी अगदी त्याच प्रमाणात कमी होत नाही, पण ऊब धरणारा जो वायू, तोच आक्रसतो. दुकानात ७ मिमी म्हणून घेतलेला सूट वीस मीटरवर बोटांनी चाचपला तर पातळ, चामड्यासारखा लागतो. त्यात खालचे पाणी वरच्यापेक्षा सहसा थंड असते. म्हणजे जेथे जास्त ऊब हवी, नेमका तेथेच सूट पातळ होतो. शिवाय फुगलेले बुडबुडे माणसाला तरंगवतात, म्हणून जाड सूटबरोबर कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात, आणि खाली गेल्यावर सूट दबला की तीच वजने जड होतात. मग अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात हवा भरून तोल सावरावा लागतो.

म्हणून स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्यासाठी, त्याच तापमानाला सर्फिंगपेक्षा जाड सूट घेतात. २७ अंशांच्या वर १-२ मिमी किंवा नुसता लायक्राचा अंगरखा, २४ ते २७ मध्ये ३ मिमी, २० ते २४ मध्ये ५ मिमी, १५ ते २० मध्ये ७ मिमी. त्याखाली ७ मिमीवर टोपीसकट आणखी एक बंडी, किंवा मनगट आणि मानेपाशी घट्ट पट्ट्या असलेला, पाणी जवळजवळ न शिरणारा सूट. कॅलिफोर्नियातल्याच माँटेरेच्या ब्रेकवॉटरला, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधापाशी, पाणी १० ते १५ अंशांत खेळते. तेथे शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये पाहिले, तर बिनबाह्यांचा तुमानवजा सूट आणि त्यावर जाकीट अशी ७ अधिक ७ मिमीची जोडी घातलेली माणसे पेंग्विनसारखी चालत पाण्याकडे जाताना दिसतात. १० अंशांच्या खाली, किंवा दिवसात दोन-तीन बुड्या मारायच्या असतील तर त्याच्या वरही, अंगाला पाणीच लागू न देणारा कोरडा सूट (ड्राय सूट) घ्यावा. त्यात ऊब आतल्या कपड्यांची आणि हवेची असते, आणि खाली जाताना हवा भरता येत असल्यामुळे ती दबून संपत नाही.

आता तापमान कोठून कळावे? हवेवरून किंवा महिन्यावरून नाही, हे तर भाच्याच्या उडीनेच सिद्ध केले. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाणी सर्वांत थंड जानेवारीत नसते. एप्रिल, मे आणि जूनमध्ये असते. वसंतात वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर जोराने वाहतो, पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी त्या वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते, आणि रिकाम्या झालेल्या जागी खोल समुद्रातले गार पाणी वर येते. हेच गार पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध उन्हाळी धुक्यालाही कारण होते. वारा पडला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी वर्षातले सर्वांत उबदार होते, तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात आणि पर्यटक परतलेले असतात. कोकणच्या माणसाला हे उलटे वाटते, म्हणून अंदाज बांधण्याऐवजी मोजलेला आकडा पाहावा. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचे तरंगते मापक समुद्रात नांगरलेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा क्रमांक ४६०२६ आणि माँटेरेचा ४६०४२. पाण्याचे तापमान त्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. किनाऱ्यालगतचे पाणी त्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी वेगळे असू शकते, पण वारा सलग तीन दिवस सुटलेला असेल तर पाणी उतरणारच, एवढे धरून चालावे.

हात, पाय आणि डोके यांच्याबद्दल थोडे. डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे ऐकीव वाक्य खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात घालवते. तरी टोपी घालावी, आणि त्याचे कारण कान आहेत. वर्षानुवर्षे थंड पाणी आणि वारा लागत राहिला की कानाच्या नळीत हाड वाढून ती अरुंद होऊ लागते. सर्फिंग करणाऱ्या जुन्या माणसांत हा विकार इतका आढळतो, की त्याला सर्फरचा कान असेच नाव पडले आहे. हातमोज्यांचे मात्र उलट आहे. बोट बारीक असते, त्याभोवती जाड थर दिला की ऊब वाढते तसे उष्णता सोडणारे बाहेरचे क्षेत्रही वाढते, म्हणून ५ मिमीचा मोजा अपेक्षेइतका लाभ देत नाही आणि चिमूट धरता येत नाही ती वेगळीच. पंजा एकत्र ठेवणारे, अंगठा तेवढा सुटा असलेले मोजे अधिक उबदार असतात. बोटे बधिर झाली आणि करंगळी अंगठ्याला लावता येईना, तर सूट कितीही चांगला असो, बाहेर यावे.

पोहण्याच्या शर्यतींत जाडीचा विचार आणखी वेगळ्या अंगाने होतो, कारण तेथे सूट उबेइतकाच तरंगण्यासाठी घालतात. ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीच्या, सूटची जाडी नियमाने ५ मिमीच्या वर जाऊ शकत नाही. मांड्या आणि छातीला जाड, खांद्यांना दीड-दोन मिमी अशी त्याची रचना असते, म्हणजे पाय वर राहतात आणि हात मोकळे फिरतात. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन स्पर्धांत पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर सूट चालतो, त्यावर २८.८ पर्यंत घातला तर बक्षिसाचा हक्क जातो, आणि त्याच्याही वर बंदी असते, कारण जोराने पोहणारे शरीर रबरात कोंडले गेले तर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. २०१९ पासून गोव्यात मिरामारला होणाऱ्या अर्ध्या आयर्नमॅनची तयारी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी म्हणूनच वेटसूटवर पैसे घालण्याआधी पाण्याचा आकडा पाहावा. दुसऱ्या टोकाला इंग्लिश खाडी पोहणारे आहेत. त्या परंपरेत साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा एवढेच चालते, आणि उन्हाळ्यात पाणी १५ ते १८ अंशांचे असते. जगातल्या अशा सात खाड्या पोहून २०१८ मध्ये तो संच पुरा करणारे पुण्याचे रोहन मोरे हे पहिले आशियाई ठरले. त्यांतली आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल याहूनही गार आहे. तेथे सूटचे काम शरीराची चरबी आणि महिनोन्‌महिन्यांचा सराव करतात. आपण त्यांचे उदाहरण देऊन ३/२ वर भागवू नये.

तारकर्लीला किंवा गोव्यात बुडी मारायला गेल्यावर ३ मिमीचा सूट अंगावर चढवतात, त्याचे मग काय? तेथे वीस-पंचवीस मिनिटांच्या बुडीला उबेसाठी त्याची गरज फारशी नसते. खडकावरच्या कालवांनी पाय कापू नयेत, जेलीफिश लागू नये आणि पाठ भाजू नये, यासाठी तो असतो. दिवसात तीन-चार बुड्या मारणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र तोच सूट उबेसाठी लागतो. पाणी तेच, पण आत राहण्याचा वेळ वेगळा.

एका धोक्याबद्दल सांगितलेच पाहिजे. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अंग एकदम बुडाले की पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो. माणूस धापा टाकतो, आणि नेमके तेव्हा डोके पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. थंड पाण्यात बुडण्याच्या कित्येक घटना अशा पहिल्या मिनिटांतल्या असतात, शरीर गारठण्याआधीच्या. सूटने हा धक्का कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून उडी मारू नये. चालत आत जावे, तोंडावर आणि मानेवर पाणी मारावे, सूटच्या गळ्यातून थोडे पाणी मुद्दाम आत सोडावे आणि श्वास ताळ्यावर आल्यावर पुढे जावे. बाहेर आल्यानंतरही काही मिनिटे शरीराचे आतले तापमान उतरत राहते, तेव्हा लगेच गाडी चालवायला बसू नये. आमच्या गाडीत चहाचा थर्मास आणि जुनी शाल कायम असते.

भाच्याने त्या दिवशी शेवटी छातीवर झिप असलेला ४/३ आणि ३ मिमीचे बूट घेतले. चढवताना दुकानाच्या मागच्या बाकावर त्याची जी धडपड चालली होती, ती पाहून दुकानातल्या बाईंनी समाधानाने मान डोलावली. माप बरोबर असल्याची तीच खूण. तो पन्नास मिनिटे पाण्यात राहिला. माझा स्वतःचा ४/३ मात्र आता सातव्या वर्षात आहे. वापराने निओप्रीनचे बुडबुडे फुटत आणि चपटे होत जातात, ऊन आणि गाडीच्या डिकीतली उष्णता ते काम लवकर करते, आणि गुडघे, पार्श्वभाग आणि खांदे येथे फोम आधी बसतो. मध्यंतरी मी त्याच्या गुडघ्यापाशी कॅलिपर लावून पाहिला. ३ मिमीच्या जागी दोनच्या थोडे वर भरले. लेबलावर ४/३ असले तरी त्याला आता ३/२ समजायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपुरताच बाहेर काढायचा, असे मी ठरवले आहे.